रुमालाखालची दलाली

करमाडच्या आसपासच्या बाजारांत तात्यासाहेबांनी चाळीस वर्षं बैलांची दलाली केली, आणि मान वर ठेवून केली. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं दलाली या शब्दाला जो वास लागणार आहे, तो त्यांच्या अंगाचा नव्हे.

बाजाराची रीत अशी. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात आणि दाबलेल्या बोटांवर भाव ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. पण रुमाल उचलला, की दलालानं आपला वाटा मोठ्यानं सांगायचा, दोन्ही धन्यांच्या देखत. "ह्याच्याकडून इतके घेतले, तुमच्याकडून इतके." भाव झाकलेला, दलाली उघडी. आणि बैलाचे दात बघून वय सांगणारा माणूस विकणाऱ्याच्या ताटात जेवणारा नसावा. एवढ्या दोन गोष्टी पाळून तात्यासाहेब म्हातारे झाले.

त्यांची लेक संस्कृती शहरात एका दवाखान्यात नर्स. बारा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलून तिनं पडेगावला दोन खोल्यांचा फ्लॅट पसंत केला होता. साठवलेलं सगळं शुक्रवारी इसार म्हणून द्यायचं होतं. त्याआधी तीन दिवस कागदांची धावपळ होती, म्हणून तिनं बापाला बोलावून घेतलं.

तीन दिवस तात्यासाहेब तिच्या मागं मागं फिरले आणि बघत राहिले. फ्लॅट दाखवणारा एजंट ऋतुराज. त्यानं कागद तपासायला वकिलाकडं पाठवलं, "माझं नाव सांगा." चिन्मय वकिलानं कर्ज करून देणाऱ्या सोनियाकडं पाठवलं, "माझं नाव सांगा." सोनियानं घराची किंमत काढणाऱ्या साहेबाकडं पाठवलं, तिथंही नावच सांगायचं. आणि तो साहेब चहा पिताना म्हणाला, "एजंट ऋतुराज ना? मग बघायचं काय त्यात!" घर न बघताच त्यानं सही केली. इस्त्रीचे शर्ट, काचेची दारं, थंड हवेच्या खोल्या. आणि चौघांची तोंडं एकाच गव्हाणीत. तात्यासाहेबांना आधी हसू आलं, मग किळस.

"तात्या, तुम्ही सगळ्यांकडं असं का बघता?" संस्कृती चिडली. "शिकलेली माणसं आहेत ती."

"शिकलेलीच हायेत," तात्यासाहेब म्हणाले. "दात न बघता जनावर पास करायला लई शिक्षण लागतं."

गुरुवारी ते एकटेच पडेगावला गेले. बैल घेताना जसं गोठ्याच्या मागच्या बाजूनं बघतात, तसं त्यांनी इमारतीला फेरा मारला आणि वॉचमनच्या खोलीपाशी बसले. वॉचमनची बायको केसरबाई तांदूळ निवडत होती.

"घर घेताय का बाबा?"

"लेकीसाठी."

"मग त्या रत्नमालाबाईचं मिटलं म्हणायचं!" तिनं खडा टिपून फेकला. "जमीन तिच्या भावानं बिल्डरला इकली. तिची सही नाय, काय नाय. दर महिन्याला गेटात उभी राहून शिव्या घालती. कोर्टात केस चालूय. एवढं साऱ्या गल्लीला ठावं हाय!"

साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. चिन्मय वकिलाच्या सात पानी अहवालात लिहिलं होतं, जमिनीवर कुणाचा वाद नाही.

शुक्रवारी क्रांती चौकातल्या वकिलाच्या ऑफिसात सगळे जमले. संस्कृतीच्या मांडीवर फाइल, फाइलीत चेक. तात्यासाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, रत्नमाला कोण?"

पंख्याखाली कागद फडफडले. वकिलानं ऋतुराजकडं पाहिलं. ऋतुराजनं लगेच तोंडावर साखर आणली. "काका, जरा बाहेर या ना. ताई, दोन मिनिटं हं."

लाकडी पडदीच्या पलीकडं त्यानं आवाज बारीक केला. "काका, तुम्ही पण लाइनीतलेच. बाजारात दलाली केली ना तुम्ही, ताई म्हणाल्या. उगं कशाला ताणता? तुमचंबी बघू की."

माणूस माणसाला कशानं ओळखतो? ज्याच्या त्याच्या मापानं. ह्या पोरानं तात्यासाहेबांना आपल्या मापानं मोजलं होतं. तात्यासाहेबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर पांघरला आणि हात पुढं केला.

ऋतुराज खूश झाला. त्याचा बाप गावाकडचाच, खूण त्याला माहीत होती. "वा काका! जुनं ते सोनं!" त्यानं रुमालाखाली हात घातला, "बोटाला दहा हजार" असं कुजबुजला आणि चार बोटं दाबली.

तात्यासाहेबांनी ती बोटं सोडली नाहीत. रुमालासकट त्याला ओढत ते पडदीच्या अलीकडं आले, लेकीसमोर उभे राहिले आणि दुसऱ्या हातानं रुमाल उपसला. ऋतुराजचा हात त्यांच्या मुठीत तसाच अडकलेला.

"बघ पोरी," ते बाजारातल्यासारखे मोठ्यानं म्हणाले. "चार बोटं. चाळीस हजार. तुझ्या घराची दलाली, तुझ्या बापाला. जमिनीवर कोर्टात केस हाय, ती तुला न सांगण्याबद्दल."

"अहो काका, गैरसमज होतोय," वकील उठला. "मी फक्त रिपोर्ट—"

"तुम्हाला किती बोटं दिली यानं?"

वकिलानं खिडकीबाहेर बघितलं. चौकात नेहमीसारखे हॉर्न वाजत होते.

संस्कृतीनं चेक फाइलीतून काढून पर्समध्ये ठेवला. रोज सुई धरणाऱ्या हातानं पर्सची चेन ओढली. "वकीलसाहेब," ती म्हणाली, "रिपोर्ट राहू द्या तुमच्याकडंच. पुढचं गिऱ्हाईक आलं की नाव बदलून द्या."

जिन्याखाली नळ होता. तात्यासाहेब तिथं वाकले आणि हात घासू लागले, मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत. संस्कृती पर्स धरून बाजूला उभी राहिली. शेणामुताचे हात त्यांनी धोतराला पुसून भाकरी खाल्लेली तिनं लहानपणापासून पाहिली होती.

"तात्या, झालं की आता."

"थांब," ते म्हणाले. "साबण हाय का तुझ्याकडं?"