न मिळालेला कडू घास

ती मंगळवारी गेली. दुपारी तिचा भाऊ आला आणि तिचा देह मुरगूडला, त्यांच्या गावी, घेऊन गेला. मी एसटीने मागून गेले.

शाहूपुरीत दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. ती शाळेत गणित शिकवायची, मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते. घरमालकाला मैत्रिणी म्हणून सांगितलं होतं, तिच्या घरीही तेच. आमचं एकमेकींवर प्रेम होतं. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

ती आजारी पडायच्या आधी आम्ही घरीच एक चित्रपट पाहिला होता. शंभर वर्षांपूर्वीचं संस्थान, तिथली राणी, आणि तिला वाचायला शिकवायला आलेली एक बाई. दोघींचं प्रेम. समया, झुंबरं, रेशमी पडदे. माझे डोळे भरून आले होते आणि ही शेजारी शेंगा फोडत बसली होती.

"ह्यांस्नी नळाचं पाणी भरायला लागत न्हाय वाटतं," ती म्हणाली. "आमच्यात नेमकं प्रेमाच्या येळंलाच पाणी येतंय की!"

शेवटी राणी मरते. दुसरीला कोणी आत घेत नाही. ती वाड्याच्या दाराबाहेर उभी राहते. तेव्हा मात्र हिने शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि टीव्ही बंद केला.

मुरगूडला माणसं स्मशानातून परतली तेव्हा मी पुढच्या सोप्याच्या उंबऱ्याशी बसले होते. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. पैपाहुणे पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्या तोंडात पहिला घास बळेच घालतात. तो कडू घास. गळ्याखाली उतरत नाही, पण उतरवावा लागतो. तुमचं माणूस गेलं हे गावानं मान्य केलं, एवढाच त्याचा अर्थ. आईला घातला. भावाला घातला. जो चुलता तिच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हता, त्यालाही घातला. ताट माझ्यासमोरून गेलं. मी तोंड उघडलं नाही, पण वाट पाहिली. आजारपणात तिला भरवणारी मी होते.

चुलता तोंड पुसत म्हणाला, "पावणं, तुमची शेवटची एसटी हाय की."

मी उठले. तेव्हा उठले, याचा राग अजून जात नाही.

काही महिन्यांनी तिची वहिनी शाहूपुरीच्या खोलीवर तिच्या साड्या न्यायला आली. साड्या घरच्यांच्या, असं तिचं म्हणणं. घड्या घालता घालता तिला एकदम आठवलं.

"मॅडम, त्यो राणीचा शिनेमा बघितलासा न्हवं? पोरीनं मोबाईलवर लावून दिला. डोळ्याची धार थांबंना बघा. किती जीव हुता दोघींचा! आणि शेवटाला त्या बिचारीला दारातच उभी केली. माणसं हायत का कोण! आत तर घ्यायचं की."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. ते ताट याच हातांत होतं.

"मी उंबऱ्याशीच बसले होते," मी म्हटलं. "तुम्ही समोरून गेलात."

तिचे हात थांबले. तिला कळलं. कळलं नाही असं मी कधीच मानणार नाही. मग तिने पुढची साडी उचलली.

"ते शिनेमातलं वायलं, मॅडम."

रेशमी पडद्यामागचं प्रेम यांना चालतं. मेलेल्या राणीसाठी रडायला यांच्याकडे पाणी आहे. घरातल्या मुलीचं माणूस समोर बसलेलं मात्र दिसत नाही. जन्मभर मी हळू आवाजात बोलले, पुस्तकांत राहिले म्हणून. त्या दिवशी साड्यांची पिशवी तिच्या हातातून ओढली, साड्या कपाटात कोंबल्या आणि कुलूप लावलं.

"पावणं," मी म्हटलं, आणि जिन्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "तुमची एसटी हाय की."

साड्या माझ्याकडे आहेत. कडू घास मला अजून कोणी घातलेला नाही.