हिरव्या टोकाचे धोटे

मी धोट्याला तोंड लावून दोरा ओढून दाखवला आणि सगळ्या मुली एकदम मागं सरकल्या.

कॉलेजच्या मुली होत्या. सोलापुरात कापडाचा धंदा कसा सुरू झाला, कसा वाढला, यावर त्यांना काहीतरी लिहायचं होतं. मालक त्यांना कारखाना दाखवत होते. त्यांच्यासाठी माझ्या रांगेतले माग थांबवले होते, म्हणून त्या दिवशी आमच्या कारखान्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत होता. एरवी येत नाही.

"दाखवा बाई यांना," मालक म्हणाले. पाहुणे असले की मी 'दाखवा' असते. एरवी 'ए, दाखव'.

मी दाखवलं. सुताची भरलेली कांडी धोट्यात बसवायची. धोट्याच्या कडेला एक बारीक भोक असतं. त्याला बाहेरून ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. दोरा भोकातून बाहेर येतो, आणि मग धोटा मागाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला मोकळा. चादरीचं सूत जाड, कांडी लगेच संपते. दिवसभर तोंड लावतच राहायचं. सुताचे तंतू घशात जातात, रंगाची चव जिभेवर राहते. काळं सूत कडू लागतं.

एका चष्मेवाल्या मुलीनं माझ्या हातातला धोटा निरखून बघितला. "मावशी, याच्या टोकांना हिरवा रंग का आहे? बाकीच्यांच्या धोट्यांना नाहीये."

मला बरं वाटलं. कुणीतरी विचारलं. मी मान वर करून सांगितलं, "सीनियरचं निशाण हाय ते. मागावर वरीस झालं की लावत्यात."

अख्खा कारखाना हसला.

आधी समोरच्या मागावरचा माणूस हसला. मग जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. मग मागं कांड्या भरायला बसलेल्या बायका, तोंडाला पदर लावून. मीही हसले. सगळे हसत असताना एकटीनं गप्प उभं राहायला धीर लागतो, तो माझ्यात नव्हता.

मालक घाईनं म्हणाले, "साइजचं आहे ते, मॅडम. धोट्याच्या साइजचं."

मुलींनी वहीत 'साइज' असं लिहून घेतलं.

मी या कारखान्यात आठ वर्षं कांड्या भरल्या. मागावर पुरुषच असायचे. मग पुरुष कमी पडायला लागले. पोरं पुण्याला गेली, कुणी हैदराबादला गेलं, बापाच्या मागावर बसायला कुणी तयार होईना. मालकांनी कांड्या भरणाऱ्या बायकांना विचारलं, "मागावर कोण येती का?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हात वर केला.

मला माग हवाच होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गिरणीत होते. आजोबाही गिरणीत होते. दुष्काळात मंगळवेढ्याकडनं बायकापोरांना घेऊन चालत आले आणि गिरणीच्या दारात उभे राहिले. गिरणीला माणसं हवीच होती, घेतलं. दोघांची हयात सूतखात्यात गेली. कापूस पिंजायचा, सूत काढायचं, पुढं पाठवायचं. कापड विणायचं खातं वेगळं, त्याचं दार वेगळं. दोघांनी आयुष्यात हातभर कापड विणलं नाही. शाळेत बाईंनी विचारलं, बाप काय करतो, तर मी सांगायची, कापड विणतो. खोटं सांगायची. ते निदान माझ्यापुरतं तरी खरं करावं, एवढीच माझी हाव.

शिकले. बोटं सोलली, दोनदा धोटा उडून खांद्याला लागला, पण शिकले. पहिली चादर मागावरून उतरली तेव्हा तिच्यावर मोर होता. मी त्या मोरावरून हात फिरवत राहिले. जॉबर ओरडला तेव्हा भानावर आले.

एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघाली. पांढरी साडी नेसून, निळा झेंडा धरून मी बायकांच्या पुढं चालत होते. रस्त्याच्या कडेला जॉबर उभा दिसला. मी त्याला हात केला. त्यानं नाही केला. गर्दीत दिसलं नसेल, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी कामावर आले तर माझ्या मागावरच्या दोन्ही धोट्यांच्या टोकांना हिरवा ऑइलपेंट. अजून ओला होता, बोटाला लागला. मी जॉबरला विचारलं.

"मालकानं सांगितलंय," तो म्हणाला. "ह्ये तुजे धोटे. दुसऱ्याचा घ्यायचा न्हाय."

त्याच आठवड्यात मला मागावर वर्ष पूर्ण झालं होतं. मी दोन गोष्टी जोडल्या आणि खूश झाले. घरी आबांना सांगितलं, माझ्या धोट्यांवर निशाण केलंय. त्यांना खोकल्याची उबळ आली, मी पाणी दिलं. पुढं चार महिने मी ते धोटे पदरानं पुसून ठेवत होते. आज ते आठवलं की माझाच मला राग येतो.

मुली गेल्या. जेवणाच्या सुट्टीत मी सुताच्या पोत्यावर बसले, शेजारी लक्ष्मीअक्का. तेलुगू घरची बाई, लग्न होऊन आली तेव्हापासून कांड्या भरते. मघाशी ती एकटी हसली नव्हती.

"तुला खरंच म्हायती न्हाय?" तिनं विचारलं.

"काय?"

"त्ये निशाण. तुज्या मागावर रातपाळीला जो असतो, त्यो मालकाला बोलला, तिनं तोंड लावलेला धोटा मी तोंडाला लावणार न्हाय. मिरवणुकीत बगितलं की तुला. तवर मागावरच्यास्नी म्हायती नव्हतं."

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. "तुला कदीपासनं म्हायती?"

"रंग लावला तवापासनं. समद्यास्नी म्हायती. आमाला वाटलं, तुलाबी म्हायती हाय आन् तू गप हाईस."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. चार महिने हे लोक मला बघत होते, आणि त्यांना वाटत होतं की मला हे चालतंय.

अक्का रोज मला तिच्या डब्यातली शेंगाचटणी वाढायची. माझ्या डब्यातलं तिनं कधी घेतलं नाही. "आज उपास हाय," म्हणायची. इतक्या वर्षांत तिचे किती उपास झाले, ते मला त्या पोत्यावर बसून कळलं. मी डबा बंद केला.

घरी गेले आणि चप्पल न काढताच विचारलं, "आबा, तुमी मागखात्यात का गेला न्हाई?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तितं दोरा तोंडानं वडावा लागतो."

"मग?"

"आपलं तोंड चालत नव्हतं."

इतकं साधं होतं. पिंजलेला कापूस चालत होता, काढलेलं सूत चालत होतं, घाम चालत होता. तोंड तेवढं चालत नव्हतं.

"मी रंगाचं सांगितलं तवा तुमाला कळलं व्हतं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"तू लई खूश व्हतीस," आबा म्हणाले. "मला आदी वाटलं व्हतं, पोरीचं तोंड चाललं. बरं वाटलं व्हतं."

मी आत जाऊन रडले. बापासमोर रडायचं नव्हतं.

मालक त्या मुलींना सांगत होते, सोलापूरचा धंदा वाढला तो इथल्या कोरड्या हवेमुळं, कष्टाळू माणसांमुळं आणि मालकांच्या वाडवडिलांच्या दूरदृष्टीमुळं. असेल. पण दुष्काळानं हाकललेली माणसं दारात आली, त्यांना आत घेतलं आणि आत घेतल्यावर वेगवेगळ्या दारांनी पाठवलं, हे कोण सांगणार? गिरणी बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, खिडक्या-दरवाजेसुद्धा विकले गेले. ही एक गोष्ट तेवढी कुणी विकली नाही. ती चालत आमच्या कारखान्यापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझे हिरवे धोटे हातात घेतले नाहीत. समोरच्या मागावर गेले. त्या माणसाचा जादा धोटा उचलला, कांडी बसवली, ओठ लावले, दोरा ओढला, जागेवर ठेवला. मग शेजारच्या मागावर. मग त्याच्या पुढच्या. घाई केली नाही. चौथ्या मागापाशी पोचेपर्यंत मागं एक एक माग थांबायला लागला. चालू धोट्यांतल्या कांड्या संपत होत्या आणि मी भरून ठेवलेल्या धोट्याला कुणी हात लावत नव्हतं. ते धोटे पुसायला जॉबर रॉकेलचा बोळा घेऊन धावत आला.

मालक आले. "काय चाललंय गं हे?"

"दोरा वडतेय, मालक. माजं कामच हाय ते."

"डोकं फिरलं का तुजं?"

मी पुढच्या मागाकडं वळले. मालकांनी जॉबरला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि तो गाडी काढून बाजारात गेला. तासाभरानं परत आला तो एक खोका घेऊन. खोक्यात आकडे होते. बारीक तार, टोकाला वाकवलेली, मागं लाकडी मूठ. धोट्याच्या भोकातून तार आत घालायची, दोरा अडकवायचा, बाहेर ओढायचा. तोंडाची गरजच नाही.

असली वस्तू असते, हे मला त्या दिवशी कळलं. मालकांना आधीपासून माहीत होतं. कुठल्या दुकानात मिळते, तेही माहीत होतं. लक्ष्मीअक्काचा नवरा याच कारखान्यात मागावर होता. तंतू ओढून ओढून त्याची छाती गेली, खोकत खोकत गेला तो. त्याच्यासाठी कुणी बाजारात गेलं नाही. माणूस मरत होता तेव्हा घाई नव्हती. माझी थुंकी लागली आणि तासाभरात आकडे आले.

दुपारी मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. टाइप केलेला एक कागद होता. 'कामगारांच्या आरोग्याच्या काळजीपोटी सर्वांना आकडे देण्यात आले आहेत. यापुढे तोंडाने दोरा ओढू नये.' खाली सह्या करायच्या. सगळ्यांनी केल्या. मी शेवटची.

"आता समद्यांना सारखं झालं की," मालक म्हणाले. आवाज मऊ होता. "रंगबी पुसून टाकतो. मिटलं का न्हाय? कर सही."

पेन माझ्या हातात होतं. सही केली असती तर माग राहिला असता. मी खोटं बोलणार नाही, मोह झाला. आयुष्यात मी एकच गोष्ट मागितली होती आणि ती मिळाली होती. अक्का मागून हळूच म्हणाली, "ऊरुको." तेलुगूत, गप राहा.

मी म्हणाले, "ह्ये खरं न्हाय, मालक. आकडे का आणले ते लिवा."

"काय लिवू?"

"ऱ्हाऊ द्या. मीच लिवते."

सातवीपर्यंत शिकलेय मी. कागद मागावर ठेवला आणि सह्यांच्या खाली लिहिलं. माझी जात पूर्ण अक्षरांत लिहिली. मी तोंड लावलेले धोटे कुणी हातात घेतले नाहीत, म्हणून आकडे आणले, असं लिहिलं. खाली माझं नाव, बापाचं नाव, आडनाव.

मालकांनी वाचलं. कागद फाडला. "उद्यापासनं येऊ नको," म्हणाले.

जॉबरनं माझा डबा आणून दारात जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही. मी मागं वळून बघितलं. नवीन कागद टाइप होऊन आला होता आणि सगळे पुन्हा रांगेत उभे होते. अक्काही. तिनं वर बघितलं नाही.

वस्तीतले म्हणाले, पोलिसांत तक्रार कर. गेले. साहेबांनी विचारलं, पुरावा काय? रंग पुसून झाला होता. माझा कागद फाटला होता. साक्षीला कोण? अक्काच्या घरी गेले तर ती दारातच म्हणाली, "मला दोन पोरी हायत गं." मी तशीच परत फिरले. आता त्या कारखान्यात आकडे आहेत आणि भिंतीवर आरोग्याची पाटी आहे. तपासायला येईल तो शाबासकीच देऊन जाईल.

दुसरीकडं काम शोधायला लागले. कारखान्याची बातमी कारखान्यात लगेच पोचते. कुणी म्हणालं जागा नाही, कुणी म्हणालं कळवतो. एकजण चांगुलपणानं म्हणाला, "बाई, तुमचा हात चांगला आहे. फक्त आडनाव सांगत जाऊ नका. गावाचं नाव सांगा. मागचं काही काढू नका." त्यानं बहुतेक घेतलं असतं मला.

आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एकडाव गप बसून बग की. माग तरी मिळंल."

"तुमी बसलासा की," मी म्हणाले. "मिळाला का?"

हे बोलायला नको होतं मी त्यांना. पण बोलले, आणि परत घेणार नाही.

माग मला मिळेल असं आता वाटत नाही. इथले माग एक एक करून बंदच पडतायत. तरी मी रोज सकाळी निघते. दारात उभी राहिले की आधी आडनाव सांगते, कुणी विचारायच्या आत. मग मागचं काम का गेलं ते सांगते. रंग, धोटा, आकडा, कागद, सगळं. समोरचा मान फिरवतो, घड्याळ बघतो. मी थांबत नाही. पूर्ण सांगून झालं की म्हणते, मला माग चालवता येतो, आता बोला. काम द्यायचं की नाही ते त्यांच्या हातात आहे. ऐकायचं की नाही, ते मी त्यांच्या हातात ठेवलेलं नाही.