सरकारी गोळ्या

अणदूरच्या फाट्यावर सोलापूरची गाडी लांबून दिसायला लागली, तरी शोभाचा पत्ता नव्हता. शोभा माझी धाकटी बहीण, गावातच दिलेली. आई सारखी तिच्या वाटेकडं बघत होती. शेवटी ती आली ती धापा टाकत, पाठीवर मल्लूला घेऊन. मल्लूला त्या सकाळी फिट आली होती. सात वर्षांचं पोर, आईच्या खांद्यावर मान टाकून झोपलेलं. "आण्णा, उशीर झाला, रागवू नका," एवढंच ती म्हणाली. मी भाच्याच्या केसांतून हात फिरवला आणि गाडीत चढलो. बायको आणि लेक माझ्यामागून वर्षभरानं कॅनडाला यायच्या होत्या.

वडील फाट्यावर आले नव्हते. दुकान बंद ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम. निघताना गल्ल्यावरूनच म्हणाले, "परमुलखात कुणाचं फुकट घेऊ नको. फुकाचं औषध अंगी लागत न्हाई." ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. काविळीचा पाला देणारा म्हातारा काही घेत नसे, तर वडील त्याच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून यायचे आणि मगच आम्हाला काढा पाजायचे.

इथं आल्यावर माझ्या लेकीला, स्नेहाला, दमा निघाला. मी गोदामात कामाला, नोकरीला विमा नाही. श्वासातून औषध ओढायच्या पंपांचा खर्च पगारात बसत नव्हता. मग काही वर्षांनी इथल्या सरकारनं पंचविशीच्या आतल्या मुलांच्या औषधांचा खर्च आपल्याकडं घेतला. त्यानंतर पहिल्यांदा फार्मसीत गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं पिशवी माझ्या हातात दिली, हसली आणि पुढच्या माणसाकडं वळली. मी पैसे द्यायचं कार्ड हातात धरून तसाच उभा. तिनं परत विचारलं, अजून काही हवंय का? मी नाही म्हणालो आणि बाहेर आलो. गाडीत बसल्यावर वडिलांपुढं उभा असल्यासारखी मला लाज वाटली. पुढं सवय झाली. स्नेहा धावायला लागली, शाळेच्या संघात खेळली. फुकाचं औषध तिच्या अंगी चांगलं लागलं.

मल्लूच्या गोळ्याही सरकारीच होत्या. शोभा दर महिन्याला एसटीनं धाराशिवच्या दवाखान्यात जायची आणि घेऊन यायची. दोन वर्षं त्याला एकही फिट नव्हती. तेव्हा मी सुट्टीवर गावी गेलो. खंडोबाच्या जेवणावळीत पंगत बसली होती आणि शोभानं मल्लूच्या हातावर गोळी ठेवली. शेजारी बसलेला चुलतभाऊ म्हणाला, "काय रं, डॉलरवाल्याचा भाचा आन् गोळ्या सरकारी? मामा लई चिक्कू दिसतोय." सगळे हसले. मीही हसलो. जेवण मात्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मल्लूला सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कागद बघून स्वच्छ सांगितलं, चालू गोळ्यांनी उत्तम आहे, बदलायचं कारण नाही. मी हट्ट धरला. मग त्यांनी तेच औषध महागड्या कंपनीचं लिहून दिलं. शोभाला म्हणालो, "आता सरकारी बंद. दर महिन्याला मी पाठवतो." सरकारी दवाखान्याच्या आशाताई गोळ्यांची चौकशी करायला घरी आल्या तर शोभा म्हणाली, "नको आता. आमचे आण्णा बघतेत."

चार वर्षं मी पाठवलं. मग एका हिवाळ्यात गोदाम बंद पडलं. फोनवर मी शोभाला म्हणालो, "या बारीला उशीर होईल. जरा पुरवून वापर." आमच्या घरात पुरवणं हा मोठा गुण. आईनं तेल पुरवलं, चहाची पूड पुरवली, साबणाच्या चिपट्या नव्या वडीला चिकटवल्या. शोभा म्हणाली, "बरं आण्णा," आणि मल्लूची संध्याकाळची गोळी बंद केली. त्याच आठवड्यात मी स्नेहाचे पंप घेऊन आलो होतो. एक पैसाही न देता.

मग एका सकाळी मल्लू शेतात मोटर चालू करायला गेला. हौदापाशी तोंड धुताना त्याला फिट आली. हौदात पाणी गुडघ्याएवढं होतं. अठरा वर्षांचा मुलगा गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला.

मी मातीला पोचलो नाही. नंतर गेलो तेव्हा लोक म्हणाले, मामानं लई केलं, नशिबात नव्हतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आज गावाकडच्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना सांगतो, ते खोटं होतं.

स्नेहाला यंदा पंचवीस पुरी झाली. फार्मसीत इतक्या वर्षांनी परत तिच्या पंपाचे पैसे दिले आणि त्या दिवशी शोभाला फोन लावला. सगळं सांगितलं. ते हसणं, डॉक्टरांचं म्हणणं, हट्ट, पुरवून वापर म्हणालो ते. ती परडीतल्या शेंगा फोडत होती, त्याचा आवाज फोनवर येत होता. तो थांबला नाही.

"ठावं हुतं आण्णा," ती म्हणाली. "दोनी गोळ्या एकच हायत्या, ते नर्सबाईनं मला तवाच सांगितलं हुतं."

"मग परत धाराशिवला का गेली नाहीस?"

"गेले असते तर गावात कळलं असतं, आण्णाचं पाठवणं थांबलंय म्हणून." पुढची शेंग फुटली. "तुमचं नाव राखायला गेले."

मग तिनं विचारलं, "स्नेहाचा दमा कसाय?" बरा आहे म्हणालो. "औषध चुकवू देऊ नका," ती म्हणाली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेली.

लोक विचारतात, परत कधी जाणार. इथं मला कुणी ओळखत नाही, म्हणून इथं राहता येतं. तिथं एक बाई आहे जी सगळं जाणते आणि तरीही मला आण्णा म्हणते. माझं घर तेवढंच उरलंय. त्याच्या दारात उभं राहायचं बळ मला अजून आलेलं नाही.