अण्णांच्या कॉफीचा चोथा

आमच्या लॅबमध्ये किस्से आपोआप साठतात. चार जणांत सांगायला मला जमत नाही, लिहायला बरं पडतं.

काम साधं आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजात पीएचडी करणाऱ्या मॅडम वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यातून अँटिऑक्सिडंट काढतात. मी अण्णांच्या हॉटेलातून चोथा आणतो, गच्चीवर वाळवतो. मग तो स्पिरिट-पाण्यात भिजवून आम्ही गाळतो.

मी नववीत शाळा सोडलेली. शेजारणीनं आईला विचारलं, "पोरगा कॉलेजात जातो म्हणं. काय करतो?"

आई म्हणाली, "उष्टी कॉफी वाळवतो."

शेजारीण पोराच्या शिकवणीची चौकशी करायला निघून गेली.

*

गच्ची झाडायला येणाऱ्या मावशींना वाटलं, मॅडम मिसरी वाळवतात. एक दिवस त्यांनी चिमूटभर घेऊन दाताला लावली. जरा वाट पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडमला सांग, अजून भाजाय पायजे. लई फिकी हाय."

*

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, असं अण्णांनी एकदा विचारलं. मी अडखळत सांगितलं, हवेनं लोखंड गंजतं ना, तसं तेलही खराब होतं. अँटिऑक्सिडंट ते खराब होणं थांबवतं. अण्णांनी ऐकला तो फक्त गंज.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "एक बाटली आण की. शटर लई कुरकुरतंय."

*

मग एका सकाळी अण्णांनी चोथा द्यायचंच बंद केलं. मॅडमचा चेहरा उतरला. हॉटेल बदललं तर कॉफी बदलणार, आणि कॉफी बदलली की आतापर्यंतचे सगळे प्रयोग पुन्हा पहिल्यापासून! त्यांनी मला पाठवलं. मी चोथ्याचा रिकामा डबा काउंटरवर ठेवला.

शेवटी अण्णाच बोलले, "तुमची मॅडम आमचा चोथा नेती. आमची कॉफी कदी पिली का?"

पिली नव्हती. मॅडमना कॉफीचा वास चालतो, चव अजिबात नाही. तरी त्या आल्या. अण्णांनी स्वतः कॉफी केली, पुढ्यात ठेवली आणि तिथंच उभे राहिले. मॅडमनी डोळे मिटून अख्खा कप संपवला.

"कशी हाय?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. थोडा विचार करून म्हणाल्या, "अण्णा, याचा चोथा एक नंबर निघणार."

अण्णांनी रिकामा कप उचलला. मग आत हाक मारली, "मॅडमला एक चहा दे रे. आणि त्यांचा चोथ्याचा डबा भर."