जुन्या खाणी वगळून

हेझल रन या आमच्या गावात वेल्सहून समुद्र ओलांडून आलेल्या खाणकामगारांची घरं. त्यातल्या गेथिन प्रॉसरला आम्ही निवडून राज्याच्या विधिमंडळात पाठवलं. निघताना त्याच्या अंगात पाद्रीबाबांचा कोट होता, खांद्यात चांगलाच तंग. धाकटा भाऊ आयवर म्हणाला, "दादा, तिथं आळस देऊ नकोस. शिवण उसवेल."

गेथिनला एकच कायदा हवा होता. आमच्या खाणीला विहिरीसारखी उभी अशी एकच वाट होती. माणसं, कोळसा, हवा, सगळं तिथूनच. तोंडाशी आग लागली तर खालचे संपलेच. म्हणून प्रत्येक खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट हवी, एवढंच त्याचं मागणं.

पहिल्या वर्षी सभागृह त्याच्या बोलण्याच्या ढबीला हसलं. दुसऱ्या हिवाळ्यात खाणमालकांच्या बाजूचा वकील आमदार, थॅडियस क्रेल, त्याला जेवायला घेऊन गेला. तिथं काय झालं ते गेथिननंच मला पुढे सांगितलं.

"नव्या खाणींना सक्ती करू," क्रेल म्हणाला. "जुन्या वगळा. या आठवड्यात मंजूर करून देतो."

"माझा भाऊ जुन्या खाणीत उतरतो, साहेब."

"मग पुढच्या वर्षी दुरुस्ती आणा. आज हट्ट धरलात तर नव्यांनाही काही मिळायचं नाही."

ते खरंच होतं. ताटातलं मटण गार झालं, तेव्हा गेथिन हो म्हणाला.

गावात त्याचं बँड लावून स्वागत झालं. आयवरनं तेवढं विचारलं, "आपल्या खाणीचं काय रे?"

"पुढच्या वर्षी."

"बरं. तोवर श्वास धरून बसतो!" सगळे हसले. गेथिनही हसला.

पुढच्या वर्षीची दुरुस्ती समितीतच अडकली. त्या शरद ऋतूत खाणीच्या तोंडावरचा लाकडी मांडव पेटला. बोट चिरडल्यामुळे मी त्या दिवशी वर होतो. दोर जळाले, माणसं वर-खाली नेणारा पाळणा खाली कोसळला. गेथिन आगीकडे धावत सुटला, आम्ही चौघांनी त्याला दाबून धरलं.

आग विझल्यावर नवे दोर लावून आम्ही खाली उतरलो. धूर अडवायला खाली अडकलेल्यांनी दगडांची भिंत रचली होती, फटींत कोट कोंबले होते. आयवरनं अंगातला सदराही कोंबला होता. एकाच्याही अंगावर भाजल्याची खूण नव्हती.

दफनानंतर आयवरची बायको ग्वेनलियन गेथिनसमोर उभी राहिली. "भावोजी, त्या कायद्यात आपली खाण होती का?"

"नव्हती."

"कुणी वगळली?"

"मी कबूल झालो."

ती मुलांना घेऊन घरात गेली. पुन्हा कधी त्याच्याशी बोलली नाही.

त्या हिवाळ्यात सगळ्या खाणींना लागू होणारा कायदा विरोधाशिवाय मंजूर झाला. भाषण क्रेलनंच केलं, डोळेही पुसले. मतासाठी गेथिनचं नाव दोनदा पुकारलं गेलं. त्याच्या तोंडून आवाज फुटेना. त्याला गैरहजर धरलं.

आमच्या खाणीला दुसरी वाट मिळालीच नाही. तो खर्च नको म्हणून मालकांनी पाणी उपसायचे पंपच बंद केले, खाण पाण्यानं भरली. लोक पोटामागं पश्चिमेला गेले. गेथिन पुन्हा निवडणुकीला उभा राहिला नाही. परक्या खाणीवर कोळशातले दगड वेचत राहिला.

शेवटच्या दुखण्यात मी त्याला भेटलो. म्हटलं, "तू नाही म्हणाला असतास, तरी आपली खाण तशीच राहिली असती."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्यानं काय होतंय?"

आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.