फिटरने पारखलेला खुबा

आमच्या दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमधला फिटर नवा पार्ट टिचकी मारून, कानाशी धरूनच घेतो. माझा खुबा बदलायचा ठरला तेव्हा तो डॉक्टरांकडे सोबत आला. नमुन्याचा सिरॅमिकचा गोळाही त्याने तसाच वाजवला.

"साहेब, गोळा असा टणक, दांडा टायटॅनियमचा. मंग वाटीत हे प्लास्टिक कायले?"

"झिजलं तर बहुतेक वेळा तेवढंच बदलता येतं."

"बराबर! आमीबी मशीनीत मऊ पार्टच झिजू देतो." मग मला म्हणाला, "भेऊ नको लेका."

सातवीत शाळा सोडलेला मी. ऑपरेशनच्या संमतीच्या फॉर्मातलं निम्मं कळलं नव्हतं, हे मात्र कळलं. सही केली.

नातेवाइकाचीही सही हवी होती. माझी माणसं तिकडे रत्नागिरीला. फिटरने पेन घेतलं, सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, "फिटर".