नदीवर न टाकलेली गोधडी

लोणावळ्यात लोक चिक्की न्यायला येतात आणि जाताना शहाणपण ठेवून जातात. तुंगार्लीच्या एका बंगल्यात दर शनिवारी जपानी टाक्यांचा वर्ग भरतो, तिथे ते घाऊक मिळतं. वर्ग घेणाऱ्या बाई एकदा जपानला जाऊन आल्या आणि तेव्हापासून चहासुद्धा डोळे मिटून पितात. कोरं कापड दगडावर घासून आधी जुनं करायचं आणि मग त्याला ठिगळ लावायचं, असं त्या शिकवतात. एकीने तर नवऱ्याची नवीकोरी जीन्स कात्रीने फाडली. कापड आपोआप फाटेपर्यंत दम निघत नाही, आणि म्हणे जपानी संयम!

तरी मी जाते, कारण ते टाके मला मनापासून आवडतात. जपानी बायका सुई जागची हलवत नाहीत, कापडच चुण्या करत सुईवर चढवतात. दोरा ओढला की अंगठ्याने कापड सपाट करतात. वळणावर दोरा जरा सैल सोडतात, म्हणजे धुतल्यावर कापड आकसत नाही. तिथल्या गरिबांनी फाटकं कापड जोडत जोडत नातवंडांपर्यंत नेलं. मोबाईलवर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं. घरच्यांना वाटलं, मालिका बघतेय.

गेल्या वर्षी माहेरी, वडिवळ्याला, माझी आई वारली. दहाव्याच्या आधीच धाकट्या भावाने तिचं अंथरूण बाहेर काढलं. त्यात तिने स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती. मी म्हणाले, ही मला हवी.

"आक्का, मेलेल्या मानसाचं हातरूण घरात ठेवत न्हाईत. जाताना नदीवर टाक."

"अरे, जपानात आजीची गोधडी नातवंडं पांघरतात."

"तितं पांघरत असतील. हितं न्हाई."

भावजयीने पदर सावरत मान डोलावली, तशा तिच्या हातातल्या पाटल्या वाजल्या. पाटल्या आईच्याच होत्या. सोन्याला सुतक लागत नसावं.

गोधडी मी गाडीत घातली आणि नदीवर गाडी थांबवलीच नाही. भावाला कळलं असतं तर त्याने येऊन ती जाळली असती, म्हणून मी गप्प राहिले. वरची बाजू पार विरली होती. तिच्यावर निळ्या सुती कापडाची ठिगळं लावली, पांढऱ्या दोऱ्याने, जपानी पद्धतीने. आईचे टाके वेडेवाकडे होते, पण त्यातला एकही उसवला नाही. खालची बाजू, म्हणजे तिचं जांभळं लुगडं, तशीच राहू दिली.

काम झाल्यावर हौसेने ती वर्गात नेली. बाईंनी गोधडी गालाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "किती खरी आहे हो ही! कुणाची?"

"आईची. शेवटी ती हिच्यातच गेली."

चटका बसावा तसा बाईंनी गाल मागे घेतला. मग आत गेल्या, आणि बेसिनचा नळ बराच वेळ वाहत राहिला. बाकीच्यांनी आपापले कप उचलून लांब ठेवले. वर्गातल्या जपानची आणि माझ्या भावाची गाठ कधी पडली नव्हती, पण दोघांचं मत अगदी एक निघालं. मला इतका संताप आला की चहा न पिताच उठले.

यंदा पौषात भाऊ कामासाठी लोणावळ्यात आला आणि काकडतच घरात शिरला. गोधडी सोफ्यावरच पडली होती. ती लपवायला मला वेळच मिळाला नाही. मी पाणी आणेपर्यंत त्याने पाय वर घेऊन ती अंगावर ओढलीसुद्धा. निळी बाजू वर होती, लुगडं त्याच्या अंगाला.

"लय ऊब हाय गं हिला," तो म्हणाला. "कुटनं आणली?"

"जपानची आहे."

"तरीच! त्या लोकांचं काम पक्कं असतंय," असं म्हणून त्याने ती गळ्यापर्यंत घेतली, कूस वळवली आणि घोरायला लागला.